वनजानं उंबरठा काढला

१२ ऑगस्ट २०१९, सोमवार
काढला! समोरच्या वनजानं दारातला उंबरठा काढला. आता बाहेरची फरशी आणि आतली फरशी एक झाली. दारात उभं राहिलं की नजर थेट खिडकीपर्यंत जाते. फ्लॅट माझ्याएवढाच, दोन खोल्यांचा, पण तिचा दुप्पट वाटतो. विचारलं तर म्हणाली, "अय्यो, सुम्ने गं! असंच." असंच कुणी उंबरठा काढतं?
जळले मी. इथं लिहायला कसली लाज!

१६ ऑगस्ट
तिच्या बाथरूमला सरकतं दार. चांगलं रुंद! आत भिंतीला स्टीलची जाड दांडी, मोठ्या हॉटेलात असते तशी. टॉवेलला एवढी दांडी? माझ्याकडे खिळा आहे.

२२ ऑगस्ट
ओटासुद्धा खाली घेतला. त्याखालची कपाटं काढून टाकली. महाराणी आता बसून स्वयंपाक करणार! भांडी कुठं गेली विचारलं, तर — "देऊन टाकली. जास्त सामान नको आता."
असणाऱ्याला नको म्हणणं सोपं असतं. माझ्याकडे शिलाई मशीन, कापडाचे गठ्ठे, इस्त्रीचं टेबल, पलंगाखाली दसऱ्याच्या बाहुल्यांची पेटी. पाय ठेवायला जागा नाही. ह्यांना म्हटलं, एकदा समोर जाऊन बघून तरी या. तर हे म्हणाले, "वनजाचे रणोजीराव बँकेत आहेत. मी शिंपी." विषय संपला.

५ सप्टेंबर
वनजाचे पडदे माझ्याकडे शिवायला आले. कापड असं मोरपंखी की हात फिरवत बसावं. पण माप! जमिनीपासून वीतभर वर. सगळ्या गिऱ्हाइकांना टेकणारे पडदे हवे असतात, त्यानं लहान खोली उंच दिसते. म्हटलं, "आखूड दिसतील गं, लोक मला नावं ठेवतील." तर हसून म्हणाली, "राहू दे. मधे येतात."
जाताना भिंतीला हात लावत लावत, हळूहळू गेली. घर नवं केल्यापासून बाईची चालसुद्धा बदलली. तोरा नुसता! पडदे आणखी आखूड करावेत असं मनात आलं. केले नाहीत. शिलाई माझी आहे.

१४ सप्टेंबर
वादिराज सुताराला बोलावलं. हे ओरडले, "होस्तिलू काढतेस? शुक्रवारी हळदकुंकू कुठं वाहणार?"
"फरशीवर."
"तिचं बघून करतेस."
हो, करते!
दुपारपर्यंत उंबरठा उखडून फरशी सपाट झाली. खोली काही मोठी दिसेना. धूळ तेवढी आत आली. खूप रडले.

१५ सप्टेंबर
हे बोलत नाहीत.

२९ सप्टेंबर, घटस्थापना
बाहुल्या मांडल्या. आईनं लग्नात दिलेले पट्टद गोंबे, माझे लाकडी राजा-राणी, सगळ्यांत वरच्या पायरीवर. पायऱ्यांना जागा हवी म्हणून मशीन बाल्कनीत ढकललं, पलंग भिंतीला उभा केला. आणि मधे चक्क मोकळी जागा! हे घर आज पहिल्यांदा मला आवडलं. ह्यांनीसुद्धा "बरं दिसतंय" म्हटलं.
परवा मजल्यावरच्या सगळ्या बायकांना बाहुल्या बघायला बोलावलंय. वनजा म्हणाली, "बघते गं, जमलं तर." म्हणजे येणार नाही. माझं घर तिला कसं बघवेल?

१ ऑक्टोबर
आली. चाकांच्या खुर्चीत बसून. रणोजीराव मागून ढकलत होते. पायांतला जोर जात चाललाय, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून घर तसं करून घेतलं. "कुणाला बोलले नाही. सगळे कीव करत बसतील. तू एकटी जळायचीस — ते बरं वाटायचं गं!"
खुर्ची एकही धक्का न बसता आत आली, थेट राजा-राणीपुढं. रणोजीराव म्हणाले, "बाकी सगळ्यांकडे उंबरठा आडवा येतो. तुम्ही कधी काढलात?" कुणाचं बघून काढला, ते वनजाला माहीत होतं. ती हसत होती.