अर्धा डबा पिस्ता रंग

आई,

काल टेम्पोतून सिमेंटच्या दहा गोण्या आल्या, तीन हजार सहाशे रुपये. पायात भरायला डबराची एक ट्रॉली, अडीच हजार. बांधायची तार दोन किलो, एकशे साठ. नारळ एक, तीस रुपये. पेढेही पाव किलो घेणार होते, पण दुकानापर्यंत जाऊन परत आले. नारळ अजून फोडलेला नाही. गोण्यांवर ठेवलाय आणि येता-जाता माझी नजर त्याच्यावरच जाते.

तुला पहिल्यापासून सांगायला हवं, कारण तुझ्या वेळी हे नव्हतं. आम्हाला घरकुल मंजूर झालंय. ज्याचं घर कच्चं, त्याला सरकार बांधायला पैसे देतं. सगळे एकदम नाही; सुरुवातीला एवढे, पाया झाला की एवढे, भिंती वर आल्या की एवढे, असे हप्ते खात्यात जमा होतात. पहिला हप्ता आला आणि मागच्या आठवड्यात आम्ही जुनं घर उतरवलं. सध्या आम्ही दोघं अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये राहतो. चूल उघड्यावर, गोधड्या दोरीवर, डबे फळीवर. सोनईच्या बाजाराला जाणारा प्रत्येक माणूस आमची भांडी मोजून पुढं जातो. एरवी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. पण या आठवड्यात माझा जीव स्वतःच्या घरात नाहीच, शेजारच्या घरात अडकलाय.

शेजारी आक्का राहतात. सासूबाईंच्या मैत्रीण, त्यामुळे मला अजून सूनबाईच म्हणतात. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी लांब दिलेली. कांद्याच्या लागवडीला, खुरपणीला जातात आणि एकट्या राहतात. घर मातीच्या भिंतींचं, वर जुने पत्रे. मागच्या भिंतीला पोट आलंय. आतून वरपासून खालपर्यंत चीर गेलीय, तिच्यात माझी तीन बोटं जातात. त्याच भिंतीला डोकं करून आक्का झोपतात. यंदाचा पावसाळा ती भिंत काढणार नाही, हे कुणी गवंड्यानं सांगायची गरज नाही, मलाही दिसतं.

मागच्या वर्षी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर सांगितलं, घरकुलाच्या सर्व्हेचे साहेब येणार, सगळ्यांनी घरी थांबा. बचत गटाचं लिहिणं माझ्याकडे असतं, मॅट्रिक झालेली तेवढी मीच, म्हणून बायकांचे कागद मीच तयार केले होते. आदल्या दिवशी आक्का आल्या. म्हणाल्या, "सूनबाई, सायेब घरात येनार म्हनं. भितीकडं बघवत न्हाई गं. काय करू?" माझ्याकडे अर्धा डबा पिस्ता रंग होता. नणंदेच्या सावेडीतल्या फ्लॅटचं काम झालं तेव्हा उरलेला, तिनं दिलेला. दिवाळीला आमच्या पुढच्या भिंतीला लावू म्हणून राखून ठेवला होता. पण आमच्या भिंतीला तो पुरला नसता, अर्धी भिंत रंगवून काय करायचं, म्हणून मी तो आक्कांना दिला. नुसता दिला नाही, आई. पदर खोचून मी स्वतः त्यांच्याबरोबर भिंतीला लावला. चिरेत चिखल भरला, वरून रंगाचे दोन हात दिले. आमच्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या नेऊन ठेवल्या. दारात रांगोळी काढली. घर असं दिसायला लागलं की आक्का उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "लगीन हाय काय गं माझं?"

साहेब आले. माणूस चांगला होता, घाईत होता. त्यांनी मोबाईलमध्ये बघून विचारलं, "आजी, घर गळतं का?"

"छे छे. देवाच्या दयेनं लई चांगलं हाय. बसा, च्या टाकते."

"घरात कमावतं कोण?"

"हातपाय धड हायेत की माझे. कुनापुडं हात पसरत न्हाई मी."

त्यांनी त्या पिस्ता भिंतीपुढं आक्कांना उभं केलं, फोटो काढला. आक्कांनी पदर नीट केला. मी दारात उभी होते आणि काय सांगू, मला अभिमान वाटत होता. मग साहेब आमच्याकडे आले. आमच्या भिंतीचे पोपडे निघालेले, रंग सगळा आक्कांकडे गेलेला. गळतं का विचारल्यावर मी सरळ सांगितलं, चार ठिकाणी गळतं, या, दाखवते. कागद भरून भरून मला एवढं कळलं होतं की विचारलं तेवढं खरं सांगावं. मग आक्कांच्या दारात ते मला का आठवलं नाही? दुसऱ्याच्या घरातलं उणं आपण कसं बोलायचं, असं वाटलं. आमच्या दारात मात्र माझं तोंड लगेच उघडलं.

यादी ग्रामसभेत वाचली. माझं नाव आलं. आक्कांचं आलं नाही, त्यांच्यापुढं लिहिलं होतं, पक्कं घर असल्यामुळे अपात्र. मागून कुणीतरी म्हणालं, "आक्का, बंगला झाला की तुमचा! एक खोली आमाला द्या भाड्यानं." सगळे हसले. आक्काही हसल्या, म्हणाल्या, "डिपॉझिट घेऊन ये मग." मी हसले नाही, पण तेव्हा आधी मनात आलं ते माझंच नाव. देवाचे आभार मी आधी मानले, आक्कांकडे नंतर बघितलं.

मग मी हरकतीचा अर्ज लिहिला. गटातल्या सगळ्या बायकांनी खाली सह्या केल्या आणि नुसत्या सह्या नाहीत, ठरवलं की आक्कांचं मंजूर झालं तर प्रत्येक घरातून दोन दिवस काम, विटा वाहायला, भिंतींवर पाणी मारायला. आक्कांनीही अंगठ्याशेजारी वाकडीतिकडी सही केली. कशाचा कागद, विचारलं नाही, आणि मीही नीट सांगितलं नाही. घराचा आहे, एवढंच म्हटलं. आता उद्या सकाळी दुसरे साहेब घर बघायला येणार आहेत. ते जे लिहितील ते शेवटचं.

आमचं घर उतरवलं तेव्हापासून माझे देव आक्कांकडे आहेत. टाक, शंख आणि दत्ताची तसबीर. शेडमध्ये देव कुठं ठेवणार, म्हणून आक्काच म्हणाल्या, माझ्याकडं असू दे. तसबीर त्यांनी स्वतः खिळा ठोकून लावली, बरोबर त्या चिरेवर. चिखल कधीच गळून पडला होता. "देवाला उंच जागा पायजे," म्हणाल्या. मला कळलं की देवही उंच बसला आणि चीरही झाकली गेली. रोज सकाळी आंघोळ करून मी तिथं पूजेला जाते.

आज सकाळी गेले तर आक्का शेण आणि पांढरी माती कालवत बसलेल्या. "सूनबाई, त्यो रंग उरलाय का गं थोडा? देवाच्या बाजूला पोपडा सुटलाय. उद्या सायेब यायचेत."

माझ्या हातातलं फुलांचं ताट तसंच राहिलं. म्हटलं, "आक्का, रंग नका देऊ. सारवू पण नका."

"का गं?"

"साहेबांना भिंत आहे तशी दिसू दे. तुमचं नाव त्या रंगामुळं गेलं. मी दिलेल्या रंगामुळं."

त्यांनी हात थांबवला. मग म्हणाल्या, "म्हंजे मी काय करू? परक्या मानसाला घरात घेऊ आन् म्हनू, बघा बाबा, माझं कसं फुटलंय ते?"

"हो," मी म्हणाले.

"भिकारीन हाय काय मी?"

"आक्का, भिंत पडेल हो."

"पडू दे. माझ्या अंगावर पडंल, तुझ्या न्हाई." आणि मग, मान वर न करता, "तुझ्या आईनं शिकवलं का गं तुला ह्ये?"

पूजा कशीबशी उरकली आणि शेडमध्ये आले. दिवसभर ते वाक्य डोक्यातून जात नाही. म्हणून तुला लिहायला बसले.

तू तर याच्या उलट शिकवलंस. कोपरगावच्या त्या एका खोलीत मामा आले होते, मी सात-आठ वर्षांची असेन. तू चहा टाकतेयस, मी चुलीपाशी बसलेय, आणि मी मोठ्यानं म्हणते, आई, साखर संपलीय ना? तू मागच्या दारानं वाटी घेऊन जातेस, साखर घेऊन येतेस, मामांना चहा देतेस. मामा गेल्यावर माझा कान धरतेस. "घरातलं उणं उंबऱ्याच्या आत," एवढंच. पुढं कधी तुला सांगावं लागलं नाही.

मला बघायला आले तेव्हा तू गल्लीतल्या चार घरांतून स्टीलची भांडी मागून आणलीस. मांडणी भरली. भांड्यांवर ज्यांची त्यांची नावं घातलेली, म्हणून तू एकेक डबा, एकेक तांब्या फिरवून नाव भिंतीकडं केलंस. मी बघत होते. तोंडानं तू रामरक्षा म्हणत होतीस. लग्नात तू मला एकच तांब्या दिलास, माझं नाव घालून. तो अजून आहे, आत्ता फळीवर आहे, नाव पुढं. पण तुला एक कधी सांगितलं नाही. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या आईच्या मांडणीवर अख्ख्या गल्लीची नावं हुती. पानी प्यायला तांब्या उचलला तवाच बघितलं." मी लाजेनं मरायची बाकी. तर त्या म्हणाल्या, "अगं, त्यावरनंच हो म्हनलं. म्हटलं, मान राखनारी मानसं हायेत." त्यांनी भांडं उचलून बघितलं होतं, आई. मोबाईल तसं बघत नाही. त्याला जे समोर धरलं ते दिसतं.

आणि तुझी पत्रं. तुला लिहिता येत नव्हतं, शेजारच्या मास्तरणीकडून लिहवून घ्यायचीस. प्रत्येक पत्रात तेच, आम्ही सर्व मजेत आहोत, आमची काळजी नसावी, पोरांची तब्येत उलट टपाली कळव. शेवटचं पत्रही तसंच होतं. ते आलं आणि आठ दिवसांत तू गेल्याचा निरोप आला. मास्तरणीनं मला तेराव्याला सांगितलं की पत्र सांगताना तुला धड बसवत नव्हतं. मी तुला दोष देत नाही. पण तू एक ओळ लिहवली असतीस तर मी आले असते. एसटीनं अडीच तासांचा तर रस्ता. इतकी वर्षं झाली, मी हा हिशेब कुठल्याच वहीत लिहिलेला नाही.

आता सांग मी काय करायचं होतं. आक्कांचा मान राखू की आक्कांना राखू? दत्ताची तसबीर त्या चिरेवर असली तर उद्या साहेब काही बघणार नाहीत. देवाचा फोटो बाजूला करा असं कुणी म्हणत नाही. सगळी दुपार मी जप करायला बसले आणि माळेचे मणी चुकत राहिले. यांना विचारलं तर म्हणाले, "तुम्हा बायकांचं तुम्ही बघा, मला कारखान्यावर जायचंय."

मी हे वहीच्या मागच्या पानांवर लिहितेय. पान फाडलं तर शिवणीपलीकडचं कोरं पानही सुटतं, म्हणून फाडणार नाही, वहीतच राहील. बाहेर चूल पेटवायचीय, फार वेळ नाही. एक सांगायचं राहिलंय.

देव मी मघाशी, दिवेलागणीलाच, उचलून आणले. शेड झाकून घेतलीय, आता इथंच ठेवते, असं खोटं बोलले. टाक ताटात घेतले, शंख घेतला, तसबीर उतरवली आणि चीर सगळी उघडी पडली. मी तिच्याकडं बघितलं नाही. आक्का माझ्याकडं बघत होत्या. सकाळची माती पाटीत तशीच वाळलेली होती. मी उंबऱ्याशी आले तशा त्या उठल्या, भिंतीतला खिळा हातानंच हलवून हलवून उपसला आणि माझ्या ताटात टाकला. "घे, तुझा खिळाबी घेऊन जा." आणि दार लावून घेतलं.

खिळा माझा नव्हता, त्यांचाच होता. आता त्या भिंतीवर काहीच टांगता येणार नाही. आई, तू अशा बायकांतली. त्या माझ्यावर रागावल्या, की त्यांनी मला हो म्हटलं, तेवढं उलट टपाली कळव.