अडतीस जीबीची सोय

२ जानेवारी २०२५, गुरुवार

नव्या वर्षाचा संकल्प एकच. कामिनीचे सगळे फोटो आणि व्हिडिओ कायमचे सुरक्षित करायचे. घरातच स्वतःचा स्टोरेज सर्व्हर. मुदत पंधरा दिवस.

सध्याची स्थिती लिहून ठेवतो. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी, गेल्या ११ ऑगस्टला, कामिनीने दवाखान्यात स्वतःच्या मोबाइलवर एक व्हिडिओ केला. अकरा मिनिटांचा. डिंपलला सांगितले की तू आणि पप्पा एकत्र बसून पाहा. दुसऱ्या दिवशी ती गेली. मी मोबाइलमधले सगळे घरच्या कॉम्प्युटरवर घेतले, मोबाइल कोरा करून धुळ्याला मोठ्या बहिणीला, अक्काला, वापरायला दिला. आता कॉम्प्युटर जुना झाला म्हणून त्याची हार्ड डिस्क काढून सुती कापडात गुंडाळून कपाटात ठेवली आहे. व्हिडिओ अजून पाहिलेला नाही. आधी सोय, मग पाहणे.

५ जानेवारी, रविवार

गोलाणी मार्केटला कुंदनच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. त्याने विचारले, डेटा किती? अडतीस जीबी म्हणालो. तो हसला. म्हणाला, "साहेब, एवढ्याला सर्व्हर? पेन ड्राइव्हमध्ये मावेल, वरून दोन पिक्चर टाकून देतो."

पेन ड्राइव्ह हे कायम जतनाचे माध्यम नाही हे त्याला शांतपणे समजावले. मी भूमी अभिलेख कार्यालयात रेकॉर्ड सांभाळतो. सव्वीस वर्षांत माझ्या हातून एक नकाशा गहाळ झाला नाही. तो म्हणाला, बरोबर आहे साहेब. दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. घरात काही केले नाही. डिंपलचा फोन. तिचे म्हणणे, व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवा, आपण फोन चालू ठेवून दोघे एकाच वेळी पाहू. व्हॉट्सॲपवर क्वालिटी उतरते. नाही म्हणालो. म्हणाली, पप्पा, मला क्वालिटी नको, आई हवी आहे. मुले भावनेच्या भरात बोलतात. कोणीतरी तांत्रिक बाजू पाहिली पाहिजे.

पंधरा दिवसांची मुदत संक्रांतीमुळे वाढवली. आता जानेवारीअखेर.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून आलो. दिवसभर वाचन. दोन डिस्कचा डबा की चार डिस्कचा, हा मूळ प्रश्न. चारमध्ये एक डिस्क गेली तरी बाकीच्यांवरून सगळे परत मिळते. दोनमध्ये जे एकीवर तेच दुसरीवर, आपोआप. याला रेड वन म्हणतात. डिस्कमध्येही दोन जाती आहेत आणि कुठली कोणती हे कंपन्या स्पष्ट सांगत नाहीत. तक्ता केला. सोळा रकाने झाले.

निर्णय पुढच्या रविवारी नक्की.

१६ फेब्रुवारी, रविवार

डिंपल धुळ्याहून एकटीच आली. आल्याबरोबर म्हणाली, आज पाहू, माझ्या लॅपटॉपला डिस्क जोडायची केबल मी आणली आहे. मी सांगितले की जुनी डिस्क विनाकारण चालू करू नये. दर वेळी झीज होते. चालू करायची ती एकदाच, सर्व्हर तयार झाल्यावर. ती केबल हातात धरून बराच वेळ बसली. मग उठून शेवभाजी केली. तिखट बरोबर कामिनीसारखे. तसे मी बोललो नाही. चारच्या बसने परत गेली. केबल इथेच विसरली.

२ मार्च, रविवार

निर्णय. दोन डिस्कचा डबा, चार टीबीच्या दोन डिस्क, एक यूपीएस. कुंदनने ऑर्डर टाकली. जुनी डिस्क दाखवायला नेली होती. त्याने जोडून कानाजवळ धरली. म्हणाला, ही टकटक करते आहे. "साहेब, आधी कॉपी करून घ्या. आत्ता इथेच करतो, वीस मिनिटं लागतील. चहा सांगू?"

नको म्हणालो. दुकानात धूळ फार. शिवाय भर दुकानात पडद्यावर कामिनीचे फोटो येणार, येणारे-जाणारे बघणार. कापडात गुंडाळून परत आणली.

२३ मार्च, रविवार

सामान आले. जागेचा प्रश्न. हॉलमध्ये कूलर, त्याचे पाणी उडते. गच्चीखालच्या खोलीत दुपारी भट्टी. शेवटी आतली खोली ठरली. तिथे कामिनीचे शिलाई मशीन होते, ते बाजूला सरकवले. सुईत निळा दोरा तसाच होता. मशीनवर चादर टाकली.

फक्त चालू करणे बाकी. कार्यालयात मार्चअखेर आहे. मार्च संपू दे.

१३ एप्रिल, रविवार

पारा त्रेचाळीस. अक्का धुळ्याहून आली. मी डबा पुसत होतो. दारातूनच म्हणाली, "बठ्ठं घर धूळमा पडेल शे आनि तू डबडं पुसी ऱ्हायना!" मी तिला मशीन काय काम करते ते समजावले. ऐकून घेतले आणि म्हणाली, "अभिमन, माले तिना आवाज ऐकाना शे, तुनं मशीन नही देखानं."

तिच्याशी बोलून आखाजीचे, म्हणजे अक्षय तृतीयेचे, ठरले. वर्षभरात गेलेल्या माणसाच्या नावाने आखाजीला डेरगे भरतात, पाण्याने भरलेला मातीचा लहान माठ. कामिनीचे पहिले डेरगे. डिंपल आणि जावईही येतील. साडेतीन मुहूर्तांपैकी एक. सर्व्हर त्याच दिवशी सुरू करून सगळ्यांनी एकत्र पाहायचे. आधी सुरू झाला नाही हे एका अर्थी बरेच झाले.

२९ एप्रिल, मंगळवार

जोडणीचा अंतिम निर्णय. दोन नव्या डिस्क बसवून जुनीवरून कॉपी करणे, असे कुंदन म्हणतो. मला ते पटत नाही. नक्कल ती नक्कल. रेकॉर्डमध्ये मूळ कागद असतो, नक्कल अर्जदाराला देतात. तेव्हा कामिनीची मूळ डिस्क पहिल्या खणात बसेल. नवी दुसऱ्या खणात. रेड वनमुळे पहिलीवरचे दुसरीवर आपोआप येईल. दुसरी नवी डिस्क राखीव.

आणि उद्याच्या दिवशी पान आधी तिचे वाढतात, आपण नंतर जेवतो. नव्या डिस्कला पहिला खण देणे मनाला बरे वाटत नाही.

कुंदनला विचारणार होतो. पण त्याला सगळे घाईचे वाटते.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी

सकाळी नऊला नारळ फोडला. डब्याला कुंकू लावले. डिस्क बसवल्या. पडद्यावर इंग्रजीत लांबलचक सूचना आली, दोन्ही डिस्कवरील डेटाबाबत. अशा सूचना सगळीकडे असतात. पुढे दोन पर्याय, क्विक आणि फुल. घाईचे काम मी आयुष्यात केले नाही. फुल निवडले. सहा तास लागतील असे आले.

डेरगे भरले. निखाऱ्यावर नैवेद्य टाकला. पुरणपोळी, आमरस. डिंपलने आतल्या खोलीत चार खुर्च्या आणि पाट मांडून ठेवले होते. अक्का पदर सावरून आधीच जाऊन बसली. जावयांनी तीन वेळा विचारले, झाले का?

सव्वातीनला पूर्ण झाले. दोन्ही दिवे हिरवे. फोल्डर उघडले. आत काही नाही.

मी सांगितले की इंडेक्सिंग, म्हणजे फायलींची यादी करणे, चालू आहे, मोठ्या सिस्टीमला वेळ लागतो. साडेसहापर्यंत सगळे बसून होते. अक्का खुर्चीतच झोपली. मग बस होती.

१ मे, गुरुवार

सुटी. इंडेक्सिंग चालू असावे. पुन्हा पुन्हा पाहणे योग्य नाही, त्याने मशीन मंदावते.

३ मे, शनिवार

दोन्ही डिस्क घेऊन कुंदनकडे. त्याने विचारले, क्विक केले की फुल? मी सांगितले. त्याने हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. क्विक असते तर काहीतरी निघाले असते म्हणाला. फुलमध्ये सगळ्या जागेवर शून्य लिहितात. तरी पुण्याला त्याच्या ओळखीच्याकडे पाठवतो म्हणाला. आज चहा न विचारता मागवला.

पुण्याला चांगली यंत्रे असतात. आशा आहे.

१४ मे, बुधवार

पुण्याचा मेसेज. नो डेटा फाउंड. कुंदनला म्हणालो, दुसरीकडे मुंबईला पाठवू. तो म्हणाला, साहेब, मी पैसे घेऊन पाठवीन, पण तुम्हाला फसवल्यासारखे होईल.

अक्काला फोन केला. तिने कामिनीच्या त्या मोबाइलमध्ये नातवंडांचे गेम भरले आहेत. मग ती म्हणाली, "जाऊ दे. जेवी ले."

९ जून, सोमवार

डिंपलला सांगायचे आहे. फोनवर नको, समोर सांगावे. नेमके कसे सांगायचे याचे मुद्दे काढले. पाच मुद्दे झाले. त्यातले चार डिस्कच्या दर्जाबद्दल आहेत.

३१ जुलै, गुरुवार

तिथीप्रमाणे आज कामिनीचे वर्षश्राद्ध. भटजी गेल्यावर डिंपलला सांगितले. मुद्द्यांचा कागद खिशातच राहिला.

ती रडली नाही. म्हणाली, असू दे. तुम्ही तरी एकदा पाहिलाच असेल ना, पप्पा? आई काय म्हणाली ते सांगा फक्त.

पाहिला नाही म्हणालो.

तिने विचारले, का? मी म्हणालो, जोडणी पक्की व्हायची होती.

ती उठून आत गेली. मला वाटले, बॅग भरते आहे. तोंड धुऊन परत आली, समोर बसली आणि मोबाइल माझ्यासमोर धरला. म्हणाली, आता तुम्ही बोला. आईबद्दल बोला, माझ्याबद्दल बोला, काहीही. मी रेकॉर्ड करते आहे.

मी बराच वेळ भिंतीकडे पाहिले. मग सांगितले की हे नुसते मोबाइलमध्ये ठेवू नकोस, दोन वेगळ्या ठिकाणी ठेव, आणि एक प्रत घराबाहेर असावी. आणखी काही सुचले नाही.

ती म्हणाली, बरं. आणि बंद केले. सव्वा मिनिट झाले होते. त्यात माझे बोलणे शेवटी थोडेसे.