खिळा ठोकू नका

चकलांबा, ता. गेवराई
११ मार्च

प्रिय संगीताताई,

सप्रेम नमस्कार. तुम्ही, आश्रुबाभाऊ आणि लेकरं सुखरूप असाल. इकडे तुमच्या सासूबाई रुक्मिणीआजी जेवून-खाऊन आहेत. हाताचं प्लास्टर अजून तीन आठवडे राहील. शेळी बरी आहे. आजी माझ्यापेक्षा तिच्याशीच जास्त बोलतात.

पत्र बघून तुम्ही म्हणाल, ही सिस्टर फोन सोडून कागद काय खरडत बसली! ताई, तुम्ही फोन उचलला की स्पीकर लावता आणि अख्खी ऊसतोड टोळी 'कोण हाय, काय म्हनती' करत तुमच्या पाचटाच्या कोपीपाशी गोळा होते. मला जे सांगायचंय ते तुम्ही दोघांनीच ऐकावं. हरिबा मुकादम लग्नासाठी गावात आलेत, उद्या परत कारखान्यावर जातील. त्यांच्या हाती पाकीट देतेय. वरून दवाखान्याची चिकटपट्टी मारलीय.

एक गोष्ट आधी सांगते. ऊसतोडीचा हंगाम संपून तुम्ही घरी याल, तेव्हा लेकरांना एकदम घरात सोडू नका. ओसरीतल्या मेन बटनाला कुणीही हात लावायचा नाही. आधी मला हाक मारा. हात जोडते, हे विसरू नका.

बाकी उन्हाळा लवकर आलाय. नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं. आजींनी माळ्यावरचा माठ काढायला लावला आणि मधल्या भिंतीला टेकवून ठेवला, म्हणजे तुमच्या घराच्या आणि माझ्या खोलीच्या मधल्या भिंतीला. माठ नवा असल्यासारखा पाझरतो, भिंत हातभर ओली होते. मी माठ हलवायला पाहिजे होता. पण तेव्हा मला काय ठाऊक!

बघा, मी माठाचं सांगत बसले. खरं सांगायला जीभ रेटत नाही.

आजी पाय घसरून पडल्या असं मी फोनवर सांगितलं, ते खोटं होतं.

त्या दिवशी दुपारी मी उपकेंद्रातून जेवायला घरी आले तर आजी माठापासून दोन हात लांब आडव्या पडलेल्या. हाक मारली तर डोळे उघडले. म्हणाल्या, "पोरी, भिंतीनं ढकललं गं मला." मला वाटलं, चक्कर आली असेल, काहीतरी बरळताहेत. मनगट सुजलं होतं म्हणून हात उलटा करून पाहिला. तळव्यावर अंगठ्याखाली पांढरा, कडेला काळपट डाग होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. ताई, अकरा वर्षं नर्स आहे मी. विजेनं भाजलेलं मला कळतं. टेस्टर आणून ओल्या भिंतीला लावला, तर आतला दिवा लागला.

मी मेन बंद केलं, त्या डागावर मलम लावून पट्टी बांधली आणि गेवराईच्या डॉक्टरांनाही सांगितलं, पाय घसरला.

वीज भिंतीत कशी आली, ते आता लिहिते. खोली देताना भाऊंनी एकच अट घातली होती, "सिस्टर, काय बी करा, पर मधल्या भिंतीला खिळा ठोकू नका." कारण सांगितलं नाही. मी पण विचारलं नाही, कारण मला वाटलं, कारण मला ठाऊक आहे. तुमच्याआधी गावात दोन ठिकाणी माझं आडनाव ऐकल्याबरोबर 'खोली कालच दिली' झाली होती. म्हटलं, हे लोक बरे, खोली तरी देतात, फक्त भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो नको एवढंच. आमच्या माजलगावच्या घरात दारातून आत आलं की पहिला तोच फोटो दिसतो. इथं मी तो दीड महिना पेटीत, साड्यांखाली ठेवला. मला रोज लाज वाटायची. तुमची गाडी कारखान्याकडे गेली त्याच आठवड्यात मी भिंतीला चार इंची खिळा ठोकला. रागानं ठोकला, ताई. फोटो लावला आणि पोटभर जेवले.

तो खिळा आतल्या वायरीला लागलाय. भिंत कोरडी होती तोवर काही झालं नाही. माठानं ओल आली आणि आजी भिंतीला हात टेकून उठायला गेल्या.

फोटो अजून तिथंच आहे. खिळ्याला हात लावायची माझी छाती होत नाही.

मेन बंद आहे त्याला नऊ दिवस झाले. आजींना सांगितलं, डीपी जळालीय. त्या म्हणाल्या, "मंग शेजारच्याकडं कशी काय लाईट हाय?" मी म्हटलं, त्यांची लाईन वेगळी आहे. आजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चुलीपाशी जाऊन बसले. मी मेनच्या खटक्याला बँडेज गुंडाळून गाठ मारलीय. वायरमन बोलवावा तर गावात तुमचा भाऊ शिवशंकर सोडून दुसरा कोण आहे? त्यानं खिळा पाहिला की संध्याकाळपर्यंत चावडीवर होईल, सिस्टरनं म्हातारीला करंट दिला. आणि खिळा कुणाच्या फोटोसाठी ठोकला, हेही होईल. मग नुसती मी नाही, सगळे आमचे लोक त्यात येतील. ही भीती मला आजींच्या जिवापेक्षा मोठी वाटली, नऊ दिवस वाटली. हे लिहिताना स्वतःचीच किळस येते.

काल दुपारी दारातूनच पंख्याचा आवाज आला. बँडेज सोडून खाली टाकलेलं, काठीनं खटका वर केलेला. आजी अंथरुणावर गाढ झोपलेल्या, प्लास्टरचा हात पोटावर आणि दुसरा भिंतीपासून वीतभर अंतरावर. हाक मारावी तर दचकून भिंतीलाच हात लावतील म्हणून ओरडताही येईना. पाय न वाजवता ओसरीत गेले, खटका पाडला आणि तिथंच खाली बसले. नंतर आजी म्हणाल्या, "लई उकडत व्हतं गं, कावून रडतीस?"

झटका बसल्यावर काही दिवसांनीही छातीचे ठोके बिघडू शकतात. हे डॉक्टरांना सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही, नुसती रोज चार वेळा नाडी मोजते. उद्या रजा टाकून आजींना बीडला नेते आणि खरं काय ते सांगते. तुम्ही पोलिसात द्या, खोलीतून काढा, मी तोंड वर करणार नाही. हे पत्र भाऊंनाही वाचून दाखवा.

तुमच्या आईसारख्या सासूला खोटं सांगून अंधारात ठेवलेली,
यशोधरा


कारखान्याचा तळ
१६ मार्च

यशोधराताईस,

संगीताचा नमस्कार. मी सातवी शिकलेली, चुकलं-माकलं सांभाळून घ्या. पत्र हरिबानं फडातच दिलं. मी उसाच्या मोळीवर बसून वाचलं. दुपारी भाकरी खाताना ह्यांना वाचून दाखवलं. ह्यांचा घास हातातच ऱ्हायला. मंग म्हनले, "तिला खरं लिही."

तर खरं असं हाय ताई, त्या भिंतीत करंट येतो हे आमाला आधीपासून ठाऊक व्हतं.

मागच्या पावसाळ्यात भिंत वली झाली तवा माज्याच हाताला मुंग्या आल्या. मंग एक दिस शेळीचं करडू त्या भिंतीला टेकलं आन् जागच्या जागी मेलं. गावाला सांगितलं, साप चावला. शिवशंकर माझा सख्खा भाऊ, त्यानंच वायर टाकलेली. पाईप न घालता तशीच गिलाव्यात गाडली मुडद्यानं! म्हनला, आख्खी भिंत फोडावी लागल. टोळी निघायला दोन महिने बी न्हवते. म्हनलं, आल्यावर बघू.

म्हनून ह्यांनी तुमाला खिळा ठोकू नका म्हनलं. कावून ते सांगितलं न्हाई, कारन सांगितलं असतं तर तुमी ऱ्हायला आला नसता. तुमच्या आधी तिघं जन खोली बघून गेले. आमाला भाडेकरू नको व्हता ताई, आमच्या मागं एकट्या आत्याबाईजवळ मानूस पायजे व्हतं. त्यात तुमी नर्स. मी तर देवापुढं नारळ फोडला.

फोटोचं म्हनाल तर आमच्या मनात तसलं काहीच न्हवतं असं मी शपथेवर सांगनार न्हाई. खोली दिली तवा चार जन बोलले आन् हे खाली मान घालून आले. पर खिळ्याचं कारन ते न्हवतं. हे मातर लेकरांच्या गळ्याची आन घेऊन सांगते.

शिवशंकरला कालच फोन केला. तो खांबावरूनच आपल्या घराची वायर काढून टाकल. तोंड उघडलंस तर तुजं करडाचं मी सांगन, असं त्याला बजावलंय. तवर आत्याबाईचं अंथरून ओसरीत घ्या, आन् बीडचे डाक्तर काय म्हनले ते कळवा.

भिंत आमची, वायर आमची, खिळा तुमचा. कुनाचं किती चुकलं ते आल्यावर बोलू, भांडायचं तर भांडा. हे मुकादमाकडं सुटी मागायला गेलते, त्यो न्हाई म्हनला. हंगाम सरायला अजून पंधरा दिस हायत. फोन वाजला की वाटतं, आत्याबाईचंच काई असंल. खोली सोडायची असंल तर सोडा, पर आमी येईपतूर थांबा. त्यांना एकटं टाकू नका. हे मागायला मला तोंड न्हाई, तरी मागते.

भिंतीचं ठाऊक असून त्याच भिंतीपाशी सासूचं अंथरून घालून आलेली,
संगीता