घाई नाही म्हणणाऱ्यांचा नंबर

सोमवार, ३

साहेबांचा कोट मशीनमध्ये अडकला. माझ्या मशीनमध्ये!

कोणी सांगितलं होतं घालायला? मी म्हणत होते, जुना टॉवेल टाकू. नाही! "गिऱ्हाइकाच्या नजरेनं बघायला हवं" म्हणे. काढला अंगातला कोट आणि टाकला आत. मशीनने धुतला छान, पिळला छान, आणि दार काही उघडेना. आता काचेतून एक बाही वर आलेली दिसते, निरोप दिल्यासारखी.

आमची ही नमुन्याची वॉशिंग मशीन, एकुलती एक. फोडायची सोय नाही. वीज काढली तरी कडी जागची हलत नाही. कडी उघडणार आतला प्रोग्राम, म्हणजे कर्नल, आणि तो लिहिलाय मी. त्यामुळे सगळं ऑफिस माझ्याकडे बघतंय.

साहेब म्हणाले, "वीस तारखेला अकराला मशीन बघायला पाहुणे येणार. मशीन हवी, तू हवीस आणि कोट हवा." दुसरा कोट नाही का, असं विचारायचं जिभेवर आलं होतं. गिळलं.

संध्याकाळी आईचा फोन. एकटी राहते, इथून एका बसवर. "तुला एक विचारायचंय गं. फोनवर नको, समोर बसून. घाई नाही. वीसच्या आत म्हणजे झालं." म्हटलं, रविवारी येते. फोनवर तिच्या मागे कोणीतरी खोकलं. शिलाई मशीन दुरुस्त करणारे आलेत म्हणाली.

मंगळवार, ४

आज सकाळी पुन्हा तमाशा. गिझर बंद, बाथरूम एक, पाणी तापवायला शेगडी एक, आणि घरात आम्ही चौघं. शेवटी वैतागून मी जाहीर केलं, उद्यापासून नंबर! कर्नलमध्ये करते तेच. तिथे प्रोसेसर एक आणि कामं ढीगभर. एकेका कामाला आम्ही थ्रेड म्हणतो. ज्याला घाई त्याचा नंबर वर. वरचा तयार असेल तर खालच्याने गप थांबायचं, बस्स.

मी एक, कारण माझी बस सगळ्यात आधी. नवरा दोन. सासूबाई तीन. सासरे निवृत्त, त्यांना कसली घाई? चार.

"म्हणजे आम्ही शेवटी," सासरे म्हणाले. पण हसले. मला ते हसणं तेव्हाच ओळखायला हवं होतं.

गुरुवार, ६

बस चुकली! मी एक नंबरची, आणि मीच लोंबकळत!

झालं काय, मी उठायच्या आत सासरे बाथरूममध्ये शिरले आणि कडी लावून बसले. गरम पाण्याची वाट बघत. पाणी शेगडीवर तापायचं. पण शेगडीपाशी आधी नवरा — चहा. मग सासूबाई — दूध. मग परत नवरा — दाढीचं पाणी. दोघांचे नंबर सासऱ्यांच्या वरचे, त्यामुळे सासऱ्यांच्या पातेल्याची पाळीच येईना. पाणी नाही म्हणून ते बाहेर येईनात. ते येत नाहीत म्हणून मी बाहेर, टॉवेल खांद्यावर.

"बाबा, बाहेर या हो!"

"अंघोळ झाल्याशिवाय कसा येऊ?"

"मग करा!"

"पाणी द्या!"

"तुमचा नंबर चार!"

सगळे नियमानेच वागत होते. एकाचंही चुकलं नव्हतं. डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं.

शुक्रवार, ७

सापडलं! मशीनमध्येही अगदी हीच बोंब आहे. पाण्याचा नळ एका खालच्या नंबरच्या थ्रेडने धरून ठेवलाय, मधल्या नंबरचे त्याला काम पूर्ण करू देत नाहीत, आणि वरचा नळासाठी ताटकळतोय. म्हणजे मी आणि सासरे!

उपाय सोपा. वरच्याने आपला नंबर खालच्याला उसना द्यायचा, तो मोकळा होईपर्यंत. दुपारभर बसून लिहिला. नळ सुटला. दार अजून बंदच. पण एक तरी गुंता सुटला.

घरीही लागू केला. बाथरूममध्ये जो असेल, त्याला बाहेर थांबलेल्याचा नंबर मिळणार. जाहीर केल्यावर सासऱ्यांनी मला दोनदा परत सांगायला लावला नियम. वाटलं, वय झालंय, लक्षात राहत नसेल.

शनिवार, ८

वय झालंय म्हणे!

सकाळी सासरे आत गेले. मी बाहेर उभी राहिले मात्र, आतून आवाज — "सूनबाई, आता माझा नंबर एक! चहा आणा."

आणला. नियम माझाच! दार बोटभर उघडलं, कप आत गेला. मग पेपर. मग चष्मा. मग "रेडिओ जरा मोठा करा, इथे ऐकू येत नाही." नवरा हसून हसून खाली बसला. सासूबाई म्हणाल्या, "इतक्या वर्षांत या माणसाचं कोणी ऐकलं नव्हतं. आता बाहेर येतोय कशाला!"

रविवार, ९

आईकडे जाणं झालं नाही. ऑफिसला जावं लागलं. फोनही राहिला. उद्या करते.

मंगळवार, ११

सासऱ्यांनी बाथरूममध्ये खुर्ची नेली. घरचा फोनही आतच. संध्याकाळी आईचा फोन आला तो त्यांनीच घेतला, आतूनच. अर्धा तास गप्पा! बाहेर आम्हाला नुसतं "हो हो, कडी लावायची, मग सगळे ऐकतात" एवढंच ऐकू येत होतं. मला द्या म्हणेपर्यंत ठेवलाही.

"काय म्हणत होती आई?"

"तुझा नंबर लागत नाही म्हणत होत्या."

फोनचा की काय, कुणास ठाऊक. मला कोटाचं टेन्शन. त्याला आता वास यायला लागलाय, काचेबाहेर!

गुरुवार, १३

आज घर जाम झालं. सासूबाईंनी स्वयंपाकघराला आतून कडी लावली. सासरे बाथरूममध्ये. सासऱ्यांना चहा हवा, तो स्वयंपाकघरात. सासूबाईंना बादली हवी, ती बाथरूममध्ये.

"आधी तुम्ही उघडा!"

"आधी तू उघड!"

कोणी हलेना. मशीनमध्ये असं झालं तर मी सरळ बटण दाबून सगळं पहिल्यापासून सुरू करते. सासू-सासऱ्यांना बटण कुठून आणू? नवरा शेजाऱ्यांकडे अंघोळ करून आला, वर नाश्ताही करून आला. मी तशीच गेले ऑफिसला. बिनअंघोळीची!

शनिवार, १५

आईचा फोन. मी चिडलेलीच होते. "बोल पटकन." ती म्हणाली, "पटकन नाही गं बोलता येत ते. राहू दे. घाई नाही." शिलाई मशीनवाले परत आलेत म्हणे. त्या मशीनला झालंय तरी काय! एकदाचं भंगारात घाल म्हटलं. त्यावर तिने फोनच ठेवला.

सोमवार, १७

कोट सुटला.

दार का उघडत नव्हतं, ते कळल्यावर मी एकटीच मोठ्याने हसले. दाराचाही एक थ्रेड आहे. त्याचा नंबर मीच दिला होता, सगळ्यात खालचा. नंबर देताना विचार केला होता, धुणं झाल्यावर याला कसली घाई? आणि त्याच्या वर होता पाटीचा थ्रेड, जो धुणं झालं की "कृपया कपडे काढा" असं लुकलुकत राहतो. तो लुकलुकायचा थांबत नाही, म्हणून दाराची पाळी येत नाही. म्हणजे कपडे काढा म्हणून ओरडण्याच्या नादात मशीन कपडे काढू देत नव्हती! दार बिचारं तीन तारखेपासून तयार बसलं होतं. तक्रार नाही, काही नाही.

मग लिहिलं — जो थांबून राहील, त्याचा नंबर थांबता थांबता वर चढत जाईल. चालू केलं. खट! दार उघडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोट बाहेर आला तो लहान मुलाच्या मापाचा. साहेबांनी तो छातीला लावून बघितला आणि कुठेतरी लांब बघत राहिले.

आणि मी तिथे उभी असताना मला एकदम आठवलं. आई. "घाई नाही" म्हणते म्हणून मी तिला सगळ्यांच्या खाली टाकलंय. कोटाच्या खाली!

लगेच फोन लावला. वाजत राहिला.

मंगळवार, १८

फोन बंद आहे. काय विचारायचं असेल तिला? वीसच्या आत... हॉस्पिटल? ऑपरेशन तर नाही? आई असंच करते, दुखलं तरी सांगत नाही. उद्या काम लवकर सोडून जाणार. कोणाच्या बापाला विचारणार नाही.

बुधवार, १९

गेले. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, बॅग घेऊन गेल्या, कुठे ते बोलल्या नाहीत. बसमध्ये मी रडले. लोक बघत होते, बघू देत.

घरी आले तर बाथरूमच्या दाराबाहेर तिघंही उभे. सासरेसुद्धा! बाहेर!

"कोण आहे आत?"

"तुझी आई," सासूबाई कुजबुजल्या. "आल्या त्या थेट आत. पाणीसुद्धा घेतलं नाही."

मी दार बडवलं. "आई! बरी आहेस ना? काय होतंय तुला?"

"मला काय धाड भरलीय?" आतून आवाज आला. "तू बाहेर उभी आहेस ना? मग आता तुझा नंबर माझ्याकडे. यांनी सांगितलंय मला सगळं."

सासरे एकदम छताकडे बघायला लागले.

"बस खाली," आई म्हणाली. "आणि मी विचारते त्याचं उत्तर दे. नाही म्हणालीस तरी चालेल, पण आज सांग."

बसले, फरशीवर, दाराला टेकून. बाकीचे तिघं हळूच आत निघून गेले.

गुरुवार, २०

साहेबांना कळवलं, मशीन नीट चालते, मी येत नाही. ओरडले. ओरडू देत.

अकरा वाजता साक्षीदार म्हणून सही केली. आईच्या लग्नाला! नवरदेव शिलाई मशीनवाले. सही करताना खोकले, तोच खोकला. मी नाही म्हणाले असते तर आई लग्न करणार नव्हती.

तिचं मशीन कधी बिघडलंच नव्हतं म्हणे.