रुपयाच्या चकतीवरचे दोन रुपये

मी, श्रीमती धुरपता मंगरू उईके, वय ६८, राहणार कारंजा (घाडगे), जिल्हा वर्धा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, शाबूत डोक्याने लिहून ठेवते. डोके शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण पुतण्या राकेश गावभर उलट सांगत फिरतो.

१. माझे दोन खोल्यांचे घर व बँकेतील ठेव भाची रोशनी हिला द्यावी. तिने न विचारता माझ्या वस्तूंना कधी हात लावला नाही.

२. माझा नाण्यांचा संग्रह, एकूण २१४ नाणी. महामार्गावरच्या ढाब्यावर मी आधी भांडी घासली, नंतर सव्वीस वर्षे गल्ल्यावर बसले. ट्रकवाल्यांच्या चिल्लरीतून ही नाणी निवडली: तिरक्या छापाची, एका बाजूने कोरी राहिलेली, टांकसाळीची खूण चुकलेली. प्रत्येकाच्या बदल्यात पदरचे नाणे गल्ल्यात टाकले. कोणी चोर म्हणू नये.

३. राकेशला काहीही देऊ नये. गेल्या मार्चमध्ये मी दवाखान्यात असताना त्याने नाण्यांचा डबा उघडून एकसष्ट नाणी लिंबू व राखेने घासली. त्याला ती विकायची होती. घासलेल्या नाण्याचा मूळ पृष्ठभाग गेला की परत येत नाही. मी विचारले तेव्हा म्हणाला, "चमकवून देल्ले ना, मोठी आई. काऊन चिडून राह्यली?" त्याने माझ्या तिरडीला हात लावू नये.

४. बंडूजी काळबांडे, राहणार हिंगणी, यांच्याविषयी. २०१३ साली वर्ध्याच्या नाणे प्रदर्शनात मी माझे सर्वांत दुर्मीळ नाणे मांडले. छाप दोन रुपयांचा, पण ज्यावर तो पडला ती कोरी चकती एक रुपयाची, लहान; म्हणून काठावरची अक्षरे कापलेली. बंडूजी तिथे जाणकार म्हणून बसले होते. भिंगही न लावता सर्वांसमोर म्हणाले, "बाई, हे खरादावर उतरवलं हाय. तुमच्यासारखीले असं नाणं कुठं भेटते?" लोक हसले. माझे टेबल काढून घेतले. खरादावर, म्हणजे लेथवर, घासून लहान केलेल्या नाण्याला उंच कड राहत नाही. माझ्या नाण्याला आहे. त्यांना ती तेव्हाही दिसली होती. बारा वर्षे मी त्यांच्याशी बोलले नाही.

राकेशचा पराक्रम त्यांच्या कानावर गेला आणि त्यांचा फोन आला.

"धुरपताबाई, ते दोनचं तर नाई घासलं ना त्यानं?"

मी म्हटले, "नकली हाय ना ते? मंग काऊन विचारता?"

त्यांनी मग फोन ठेवला.

ते नाणे वाचले आहे. दवाखान्यात जाताना मी ते पदराच्या गाठीत बांधून नेले होते.

५. संपूर्ण संग्रह बंडूजींना द्यावा. घासलेल्या एकसष्ट नाण्यांसाठीही ज्याचा जीव तुटेल असा दुसरा माणूस मला माहीत नाही, ही माझी लाचारी आहे. अट एकच: रोशनी व दोन्ही साक्षीदारांसमोर त्यांनी त्या दोनच्या नाण्याच्या पाकिटावर स्वतःच्या हाताने 'अस्सल' असे लिहून खाली सही करावी. नकार दिल्यास सर्व २१४ नाणी ढाब्याच्या गल्ल्यात टाकावीत.

६. बंडूजी माझ्या मयतीला आले तर येऊ द्यावे. चहा विचारू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि एकही शब्द मागे घेतला नाही.

सही: धुरपता मंगरू उईके

साक्षीदार:
१. सुलोचना नामदेव ढोक (सही)
२. प्रफुल्ल विठोबा मून (सही)

ठिकाण: कारंजा (घाडगे)
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५