तापट रक्त

सोमवार, ४ जून
नोकरी लागली, मावशीचा जीव भांड्यात पडला. प्रयोगशाळा लख्ख आहे आणि माणसं हसरी. इथली रीत गमतीची: नव्या माणसाच्या रक्तानेच बोहनी. आमच्या प्रमुखांनी, म्हणजे बाईंनी, माझ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढून त्यांच्यावर दोन जातींचे जंतू सोडले. एक साधे, दुसरे कुठल्याच प्रतिजैविकाला दाद न देणारे. पेशी किती दाह माजवतात ते मोजायचं.

गुरुवार, ७ जून
साध्या जंतूंपुढे माझ्या पेशी चारचौघांसारख्या. निगरगट्ट जंतू दिसले की मात्र पिसाळतात. असं तापट रक्त बाईंनी आजवर पाहिलं नव्हतं म्हणे. सगळे मला फटाका म्हणू लागलेत, आणि मी आपला हरभऱ्याच्या झाडावर. मावशी म्हणाली, घरात तर हा फटाका कायम सादळलेला असतो.

सोमवार, ११ जून
निगरगट्टांच्या काचनळीचं झाकण निघेना, म्हणून हातमोजा काढला. शहाणपणा नडला. नळीच्या कडेचा टवका उडालेला होता, तिथली धार अंगठ्यात घुसली. बाईंना लगेच सांगितलं. जखमेकडे न बघता त्यांनी विचारलं, कुठली नळी? मग माझं रक्त काढून घेतलं. चेहरा असा खुलला होता की मला रागच आला.

बुधवार, १३ जून
हात सुजून टम्म. हॉस्पिटलात आहे. डॉक्टर म्हणाले, जंतूंपेक्षा माझ्याच पेशी मला जास्त जाळताहेत. त्यांना आवरणारं नवं औषध फक्त बाईंकडे आहे. बाई आणते म्हणाल्या.

गुरुवार
औषध पर्समध्ये घेऊन आल्या. मला दाखवलं, दिलं नाही. "आज टोचलं तर तुझ्या पेशी कुठवर जातात ते कधीच कळणार नाही. जरा कळ काढ." रक्त घेऊन गेल्या. डॉक्टरांना सांगितलं, औषध अजून पोचलं नाही.

शुक्रवार
डाव्या हाताने लिहितोय. उजवा काळा पडलाय. मावशीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, तापात बरळतोस, बाई देवासारख्या धावून येतात. डॉक्टरांनीही मान डोलावली. भीती वाटते.

शनिवार
घशात नळी — बोलता येत नाही. वही मावशीपुढे धरली. डाव्या हाताचं अक्षर तिला लागेना. बाईंनी वाचून दाखवलं: मावशी, काळजी करू नकोस, बाई सांगतील तसं कर.
मावशी रडली. त्यांच्या पाया पडली.

रविवार
बाईंची रक्त काढायची सुई नीट लागावी म्हणून मावशीने दंड धरलाय — घट्ट — मावशी, सोड — पर्समध्ये बघ, तिच्या पर्स