वकिलांची डावी बाही

३ जून.
धाकट्या मेहुणीचा फोटो पेपरात. मोडक्या छत्र्यांच्या कापडाचा फ्रॉक शिवला म्हणे. 'टाकाऊतून फॅशन' स्पर्धेच्या फायनलला निवड. मी सव्वीस वर्षं कोट शिवतोय, माझा फोटो फक्त लायसन्सवर. मला हेवा वाटत नाही. बातमी चारच वेळा वाचली.

४ जून, सकाळी ७.
मुदत आजपर्यंत होती, मीही फॉर्म भरला. निवड होणारच. बायकोला म्हटलं, बक्षीस घरातच राहणार. ती म्हणाली, माझी बहीणही घरचीच आहे. दुर्लक्ष केलं.

८ जून.
माझीही निवड झाली. मेहुणी दुकानात आली. गिऱ्हाइकांनी नाकारलेले कोट माळ्यावर पडलेत, ते नेऊ का भावोजी, म्हणाली. खुशाल ने म्हटलं. चार पोती भरली. मन मोठं लागतं.

९ जून.
आता मी टाकाऊ माल कुठून आणू? दुकानात चिंधी उरलेली नाही. परत मागणं शोभत नाही.

११ जून.
मार्ग सापडला. तीन मीटर नवं लोकरी कापड आणलं. पॉलिशपेपरने घासलं, चहात बुडवलं. बायको म्हणाली, नव्याचं जुनं करणारा पहिलाच माणूस बघतेय. पहिलाच, हे तिलाही मान्य.

१४ जून.
कापड अजून नवंच दिसतंय. चांगला माल घ्यायची खोड नडली. मेहुणीच्या घरावरून सहज गेलो. तीनदा. खिडकीला पडदा. घरातल्या माणसापासून काय लपवायचं?

१८ जून.
कोट तयार. अप्रतिम. बक्षीस घ्यायला स्टेजवर कुठल्या बाजूने चढायचं, पाहून आलो.

२० जून, दुपारी.
परीक्षकबाईंनी अस्तर उचललं. आत कापडाच्या काठावर गिरणीचं नाव आणि चालू साल. तो काठ मी कधीच कापत नाही, अस्सल मालाची खूण असते. बाद.

२० जून, संध्याकाळी.
मेहुणी पहिली. नुसत्या बाह्यांचा लांब झगा. एकेक बाही ओळखली. डॉक्टरांची घट्ट. वकिलांची डावी, आखूड. तिने मला स्टेजवर बोलावलं. भावोजींनी इतकी वर्षं माल जमवला नसता तर हे झालंच नसतं, असं माइकवर सांगितलं. मनापासून सांगितलं, तेच झोंबलं. मलाही प्रमाणपत्र: 'उत्कृष्ट कचरा पुरवठादार'. बायको टाळ्या वाजवत होती.

२१ जून.
सकाळीच वकील दुकानात. पेपरातल्या फोटोत आपली बाही ओळखली म्हणाले, तिथे छान बसली आहे. मी लगबगीने टेप काढली. ते मेहुणीचा पत्ता विचारायला आले होते.
लिहून दिला. अक्षर जरा वाईट काढलं.